सकाळपर्यंत थांबू नये : उतारवयातील मुतखडा आणि घराचा निर्णय

पर्युषणाचे दिवस. दुकान लवकर बंद झालेले, प्रतिक्रमण आटोपलेले, घरातील दिवे एकेक करून मालवले जात असलेले. पंचाहत्तरी ओलांडलेले बाबूजी आपल्या खोलीत उजवी कूस हाताने दाबून बसले आहेत. कळ दुपारपासूनच येत होती. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक होते आणि संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणून त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. रात्री अकरा वाजता मुलगा विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते : “जुनाच खडा आहे रे. मागे एकदा आपोआप पडून गेला होता, हाही जाईल. आता चौविहार आहे. सकाळी नवकारशी झाली की गोळी घेतो, मग डॉक्टरांकडे जाऊ.”

मुलालाही ते पटते. पहाटे मालाची गाडी यायची आहे. ती उतरवून घेतली की निघता येईल, असा हिशेब तो मनाशी करतो. सूनबाई पांघरूण घालायला जातात, तेव्हा त्यांच्या ध्यानात येते की भाद्रपदाच्या उकाड्यात सासऱ्यांचे अंग थरथरत आहे. हात गार, कपाळ मात्र तापलेले. आणि “गाडी आली का?” हा प्रश्न ते तिसऱ्यांदा विचारत आहेत. त्या बाहेर येऊन नवऱ्याला एवढेच सांगतात, “सकाळपर्यंत थांबायचे नाही. बाबूजींना आत्ताच न्यायचे.”

हा प्रसंग कोणा एका घरचा नाही. थोड्याफार फरकाने तो अनेक घरांत घडतो, आणि तेथे दोघांपैकी कोणाचे ऐकले जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. मुतखडा हा आपल्याकडे इतका ओळखीचा आजार आहे की त्याची भीती उरलेली नाही. राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्राचा बराच भाग मुतखड्याच्या पट्ट्यात गणला जातो. प्रत्येक नात्यागोत्यात कोणाला तरी तो झालेला असतो आणि प्रत्येकाजवळ एखादा उपायही असतो. तरुण, सुदृढ माणसाच्या बाबतीत ही निर्भयता बहुधा अंगाशी येत नाही. साठी-सत्तरीनंतर मात्र तोच खडा वेगळ्या प्रकारे वागतो. कोणत्या खड्यासाठी थांबता येते आणि कोणत्यासाठी एक रात्रही थांबता येत नाही, हा भेद घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला ठाऊक असला पाहिजे.

धोका खड्याचा नव्हे, अडलेल्या वाटेचा

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि तिचा आतील पोकळ भाग अवघा तीन-चार मिलिमीटर रुंद असतो. तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते : मूत्रपिंडातून निघताना, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी अडकतो. मूत्रपिंडाचे काम मात्र चालूच असते. वर लघवी तयार होत राहते, खाली वाट बंद असते. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि मूत्रपिंड ताणले जाते. मुतखड्याची ती प्रसिद्ध कळ, जी पाठीत बरगडीखाली उठून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही, ती या ताणाची असते. खडा टोचल्याने ती येते, हा समज बरोबर नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे निम्मे पडतात. त्याहून मोठा खडा आपोआप पडण्याची आशा फारशी नसते. लहान खड्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि तोवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहणे हा मान्य उपचारच आहे. त्यासाठी ताप नसावा, वेदना औषधाने आटोक्यात असावी आणि दोन्ही मूत्रपिंडे काम करीत असावीत, एवढ्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

अडलेल्या लघवीत जंतूंचा शिरकाव झाला की या अटी मोडतात. साचलेल्या पाण्यात जसे किडे होतात, तसे त्या कोंडलेल्या लघवीत जंतू वाढतात. थोड्याच वेळात तेथे पू होतो आणि आतल्या दाबामुळे जंतू थेट रक्तात शिरतात. यालाच सेप्सिस म्हणतात. त्यात रक्तदाब घसरतो, श्वास वाढतो आणि एकामागून एक अवयव थकू लागतात. अशा वेळी नुसते प्रतिजैविक पुरेसे पडत नाही, कारण अडलेल्या मूत्रपिंडात औषध पुरेसे पोहोचतच नाही. कोंडलेला पू बाहेर काढावाच लागतो. रात्री थंडी-ताप सुरू झालेला माणूस सकाळपर्यंत थांबला, तर त्या सहा-सात तासांत आजार मूत्रपिंडापुरता राहिलेला नसतो.

वय झाल्यावर काय बदलते

पहिला बदल असा की शरीर ओरडून सांगेनासे होते. तरुणाला जी कळ गडाबडा लोळायला लावते, ती वृद्धाला कधीकधी नुसती जडपणासारखी वाटते. दीर्घकाळ मधुमेह असेल तर ही शक्यता अधिक. जंतुसंसर्ग मोठा असूनही ताप येत नाही, क्वचित अंगाचे तापमान नेहमीपेक्षा खाली जाते. त्याऐवजी माणूस अकस्मात गोंधळतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, तोल जाऊन पडतो, जेवणाला नको म्हणतो, दिवसभर झोपून राहतो. घरचे याला ‘वयाचा परिणाम’ समजतात. वयाचा परिणाम महिन्यांनी आणि वर्षांनी दिसतो. एका दिवसात आलेला गोंधळ हा आजाराचा असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरा बदल मूत्रपिंडांच्या शिल्लक शक्तीचा. वयाबरोबर ती कमी झालेली असते. रक्तदाब आणि मधुमेह तिच्यात आणखी घट करतात. स्नायू झडलेल्या कृश वृद्धाचे क्रिएटिनिन अहवालात ठीक दिसले तरी मूत्रपिंडाची खरी क्षमता बरीच खालावलेली असू शकते. म्हणून अशा वेळी वयाचा विचार करून काढलेला, ‘ईजीएफआर’ नावाने अहवालात येणारा आकडा डॉक्टरांना विचारावा. एकच मूत्रपिंड असलेल्या किंवा दुसरे आधीच निकामी झालेल्या माणसाच्या बाबतीत एक छोटा खडाही सारी लघवी बंद करू शकतो.

तिसरा बदल औषधांचा. सत्तरीतील माणसाच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी अशा अनेक गोळ्या असतात. त्यांत घरातली वेदनाशामक गोळी मिसळली की हिशेब बदलतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधे मुतखड्याच्या कळेवर खरोखर गुणकारी आहेत आणि तरुणांना डॉक्टर प्रथम तीच देतात. परंतु मूत्रपिंडे कमकुवत असतील, हृदय थकलेले असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या एकत्र चालू असतील, तर हेच औषध मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तोडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. पोटाच्या कळेसाठी दिली जाणारी काही इंजेक्शने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडवतात. झोप आणणारी तीव्र वेदनाशामके वृद्धाला भ्रमात टाकू शकतात.

चौथी गोष्ट सर्वांत कमी ठाऊक असते. साठीनंतर आयुष्यात प्रथमच कुशीत किंवा पाठीत तीव्र कळ आली, तर ती खड्याचीच आहे असे गृहीत धरू नये. पोटातील महाधमनीला फुगवटा येऊन तो झिरपू लागला, तर येणारी कळ मुतखड्यासारखीच भासते आणि अनुभवी माणसेही फसतात. तंबाखू ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांमध्ये हा धोका अधिक. पोटावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून काही मिनिटांत हा फुगवटा आहे की नाही हे पाहता येते. मात्र त्यासाठी रुग्ण रुग्णालयात असावा लागतो. हृदयविकाराचा झटका, अंगावर पुरळ उठण्यापूर्वीची नागीण आणि फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया हेही कधीकधी खड्याच्या वेशात येतात. ‘जुनाच खडा आहे’ हे निदान घरातल्या घरात करू नये, याचे हेच कारण.

निघण्याची वेळ कोणती

साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर रात्र असो वा सण, लगेच निघावे :

• कुशीतील वा पाठीतील कळेसोबत थंडी वाजणे किंवा १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप. तसेच अंग अस्वाभाविक गार पडणे.
• अकस्मात गोंधळ, बडबड, अतिसुस्ती किंवा चक्कर येऊन पडणे.
• श्वास जलद होणे, घाम फुटणे, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली येणे.
• लघवी अगदी कमी किंवा पूर्ण बंद होणे.
• एकच मूत्रपिंड असणे, मूत्रपिंडाचे रोपण झालेले असणे किंवा दोन्ही बाजूंना खडे असल्याचे आधीच ठाऊक असणे.
• सतत उलट्या. पाणी किंवा नेहमीची औषधे पोटात न टिकणे.
• वयाच्या साठीनंतर प्रथमच आलेली अशी कळ, विशेषतः पोट ताठ झाले किंवा भोवळ आली तर.

आणखी एक इशारा. कळ एकाएकी थांबली म्हणजे खडा पडला, असे नेहमीच नसते. पूर्ण अडलेले मूत्रपिंड काही काळाने थकते आणि दुखणे कमी होते. अडथळा मात्र तसाच राहतो. खडा खरोखर पडला की नाही, हे तपासणीनेच ठरते.

घरातून निघताना

या घाईच्या घटकेला काय करावे यापेक्षा काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. तांब्याने पाणी पाजून खडा ‘ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये. वाट अडलेली असताना जास्तीचे पाणी खड्याला पुढे नेत नाही, उलटी मात्र वाढवते. हृदय कमकुवत असेल तर दमही लागतो. कुळथाचे कढण, पाषाणभेद, पानफुटी यांचे ज्याला जे स्थान द्यायचे ते त्याने शांत दिवसांत द्यावे. थंडी-तापाच्या रात्री त्यांत एक तासही घालवू नये. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कोणती आणि शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना सांगावे. मेटफॉर्मिनसह मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आजारपणात थांबवाव्या लागतात. तो निर्णयही डॉक्टरांचा.

बरोबर न्यावयाच्या वस्तू थोड्याच : चालू औषधांच्या पट्ट्या, जुन्या सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची चिठ्ठी, आधार कार्ड आणि विम्याची कागदपत्रे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. ‘आपण व्यापारी, आपल्याला काय मिळणार’ असे समजून अनेक घरांनी हे कार्ड काढलेलेच नसते. आजार येण्यापूर्वी ते काढावे आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हेही पाहून ठेवावे.

रुग्णालय निवडताना जवळीक किंवा ओळख यांपेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे : मूत्ररोगतज्ज्ञ रात्री उपलब्ध होतील का, सीटी स्कॅनची सोय आहे का, आणि अतिदक्षता विभाग आहे का. निघता निघता एक फोन केला तर दोन रुग्णालयांच्या दारांतून परत फिरण्याची वेळ येत नाही. रुग्ण गोंधळलेला किंवा फार अशक्त असेल, तर स्वतःच्या मोटारीपेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बरी.

मग राहतो तो व्रताचा प्रश्न. वृद्धांच्या मनात तो खरा असतो आणि त्याची थट्टा करून तो सुटत नाही. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही, हा नियम ज्यांनी वर्षानुवर्षे पाळला आहे, त्यांना तो मोडण्याचे भय वेदनेहून मोठे वाटू शकते. त्यांना दोन गोष्टी शांतपणे सांगाव्यात. एक अशी की अशा आजारात पहिले उपचार तोंडावाटे नसतातच. वेदनाशामक, प्रतिजैविक आणि सलाइन शिरेतून दिले जाते. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने रुग्णाला उपाशीच ठेवतात. दुसरी अशी की चौविहाराच्या पच्चक्खाणातच ‘आगार’ म्हणजे अपवाद सांगितलेले आहेत. त्यांतील सर्वसमाधीचा आगार तीव्र आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासंबंधीच आहे, असा त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. रुग्णालयाचा रस्ता आणि व्रताचा रस्ता परस्परविरुद्ध नाहीत, हे घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितले, तर ते लवकर पटते.

रुग्णालयातील पहिले काही तास

प्रथम नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतात. रक्त आणि लघवी तपासणीला जाते. जंतू कोणते हे कळावे म्हणून दोन्हींचे कल्चर प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतात. पण त्यासाठी औषध लांबवत नाहीत. सेप्सिसची लक्षणे गंभीर असतील तर पहिल्या तासातच ते सुरू व्हावे लागते. वृद्धांच्या वेदनेसाठी शिरेतून पॅरासिटामॉल हा पुष्कळदा सुरक्षित पर्याय ठरतो. पुढचे औषध मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरते.

सोनोग्राफीत मूत्रपिंडाला आलेली सूज दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा पुष्कळदा हुकतो. साध्या एक्स-रेत युरिक आम्लाचे खडे दिसत नाहीत. म्हणून सीटी स्कॅन ही सर्वांत विश्वासाची तपासणी मानली जाते. खडा पाहण्यासाठी त्यात शिरेतून डाय देण्याची गरज नसते, त्यामुळे ‘मूत्रपिंडे कमकुवत आहेत, सीटी नको’ ही शंका येथे लागू पडत नाही. लघवीत रक्त नाही म्हणून खडा नाही, असेही म्हणता येत नाही.

संसर्ग आणि अडथळा दोन्ही आहेत असे ठरले की वाट मोकळी करणे हे पहिले काम. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खड्याच्या बाजूने मूत्रवाहिनीत एक लवचीक नळी बसवणे. तिची दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणून तिला डीजे स्टेंट म्हणतात. १९७८ पासून ती वापरात आहे. दुसरा, पाठीतून सोनोग्राफीच्या साहाय्याने थेट मूत्रपिंडात नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत आणणे. याला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. ती बहुधा जागा बधिर करून करता येते. दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या १९९८ च्या एका अभ्यासात कोणताही एक मार्ग सरस ठरला नाही. रुग्णाची प्रकृती, रक्त गोठण्याची क्षमता आणि हाताशी असलेली सोय पाहून डॉक्टर निवड करतात. घरच्यांनी कोणती नळी यावर वाद घालण्यापेक्षा ती किती लवकर बसेल, हे विचारावे.

या घाईला आधार आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रवाहिनीतील खडा आणि सेप्सिस असलेल्या रुग्णांपैकी ज्यांची वाट मोकळी केली गेली नाही, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. ज्यांची केली गेली, त्यांच्यात ते सुमारे ९ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी.

येथे नातेवाइकांना एक गोष्ट हमखास खटकते. “एवढे भूल देऊन आत गेले, तर खडा का काढला नाही? पुन्हा दुसरा खर्च कशाला?” प्रश्न व्यवहारी आहे, पण उत्तर वैद्यकीय आहे. संसर्ग भरात असताना खडा फोडू लागले की दाबाने जंतू अधिकच रक्तात ढकलले जातात. म्हणून आधी निचरा, मग प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम, आणि प्रकृती सावरल्यावर खड्याचा बंदोबस्त, असा क्रम पाळतात. दोन टप्प्यांत केलेले हे काम म्हणजे बिल वाढवण्याची युक्ती नव्हे.

नळीची तारीख खातेवहीत

संकट टळले की घर सुटकेचा श्वास सोडते आणि याच वेळी एक नवी चूक घडते. डीजे स्टेंट आत आहे, हेच सारे विसरतात. ती नळी कायमची नसते. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत ती काढावी किंवा बदलावी लागते. नेमकी मुदत डॉक्टर सांगतात. विसरलेल्या नळीवरच खडे चढतात, ती आत चिकटते, तुटते, पुन्हा संसर्ग होतो, आणि साध्या दुर्बिणीने पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. दुखणे थांबलेले असते, स्मरण कमी झालेले असते, मुले दुकानात गुंतलेली असतात, म्हणून वृद्धांच्या बाबतीत हा विसर अधिक पडतो.

व्यापारी घराला मुदत सांभाळणे शिकवावे लागत नाही. हुंडीची तारीख, कराचा भरणा, गोदामाचे भाडे यांपैकी काहीही चुकत नाही. त्याच वहीत, त्याच फोनमध्ये नळी बसवल्याची आणि काढण्याची तारीख लिहून ठेवावी आणि ती सांभाळण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीच्या नावाने ठरवावी. नळी असताना लघवीला वारंवार जावे लागणे, थोडी जळजळ, कधी लालसर लघवी हे अपेक्षित असते. ताप आला तर मात्र लगेच परत जावे.

खडा काढण्याचे मार्गही आता सौम्य झाले आहेत. १९८० मध्ये म्युनिक येथे बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याचा उपचार प्रथम रुग्णावर झाला. त्याआधी १९७६ मध्ये पाठीतील छोट्या छिद्रातून मूत्रपिंडातला खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली होती. आज लवचीक दुर्बीण आणि लेसर यांनी कोणतीही चिरफाड न करता मूत्रवाहिनीतील खडा फोडता येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धासाठी हा शेवटचा मार्ग अनेकदा अधिक योग्य ठरतो, कारण अशा स्थितीत ध्वनिलहरींचे धक्के देणे टाळावे लागते. निघालेला खडा डबीत ठेवून प्रयोगशाळेत द्यावा. तो कशाचा आहे हे कळले, तर पुढचा खडा टाळणे सोपे जाते. युरिक आम्लाचा असेल, तर काही वेळा तो औषधानेच विरघळवता येतो.

पाणी, व्रत आणि पुढचा खडा

एकदा खडा झालेल्याला तो पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो. त्यावरचा पहिला उपाय पाणी. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यावे, असे मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंडे कमकुवत असलेल्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वयाबरोबर तहान मंदावते. त्यामुळे ‘तहान लागली की पितो’ हा नियम वृद्धांना उपयोगी पडत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांना सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच काळ मिळतो आणि रात्रीची लघवी दाट होते. हे गणित अवघड असले तरी अशक्य नाही. बारा तासांत दर तासाला दोनशे मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर दोन लिटर चारशे मिलिलिटर होतात. सकाळी उकळून ठेवलेले पाणी मोजून वेगळ्या भांड्यात भरावे. संध्याकाळी भांडे रिकामे झाले की नाही, हे सहज दिसते. गल्ल्यावर बसणाऱ्याने ते गल्ल्याजवळच ठेवावे. तिविहार उपवासात दिवसा पाणी चालते, पण उपवासाच्या दिवशी पाणी पिण्याचे भानही कमी होते. तेथे हे मोजमाप अधिक गरजेचे. ज्यांना वारंवार खडे होतात किंवा एकच मूत्रपिंड आहे, त्यांनी निर्जल उपवास, अठ्ठाई किंवा वर्षीतप यांचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि मग गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. बियासणे, एकासणे यांसारखे, दिवसा पाणी घेता येणारे तपाचे पर्याय परंपरेत आहेतच.

खाण्यातला पहिला दोषी मीठ आहे. पापड, लोणचे, फरसाण, मसाल्याचे खाखरे यांतून ते नकळत पोटात जाते आणि लघवीतील कॅल्शियम वाढवते. दूध-दही मात्र बंद करू नये. आहारातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट अधिक शोषले जाऊन उलट खडे वाढतात. पालक आणि बदाम-काजू यांत ऑक्झलेट अधिक, म्हणून त्यांना मर्यादा असावी. टोमॅटोच्या बियांनी खडे होतात, ही समजूत निराधार आहे. पाण्यात लिंबू पिळून घेतले तर त्यातील सायट्रेट खडे होण्यास अटकाव करते.

घराचा निर्णय

पुन्हा त्या रात्रीकडे. गाडीचा माल नोकराने उतरवून घेतला. बाबूजींना रात्री दीड वाजता रुग्णालयात नेले आणि पहाटेच्या आत नळी बसली. तिच्यातून प्रथम निघाला तो पू होता. खडा अवघा सात मिलिमीटरचा, आणि तो त्या दिवशी तेथेच राहिला. तीन आठवड्यांनी दुर्बिणीने काढला. नळीची तारीख सूनबाईंनी दुकानाच्या वहीत लिहून ठेवली होती.

अशा घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, हा संस्कार असतो आणि तो चांगलाच आहे. पण वृद्ध माणूस ‘सकाळी पाहू’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे आपल्यामुळे घराला त्रास नको, दुकान बंद राहू नये, मुलाची झोप मोडू नये, हा विचार असतो. त्यांची ही काळजी ओळखून तिचा मान ठेवावा. निर्णय मात्र लक्षणांवरून घ्यावा. कळेसोबत थंडी आली, भान हरपू लागले किंवा लघवी थांबली, तर त्या रात्री आज्ञाधारक मुलाने वडिलांचे ऐकू नये. हात धरून त्यांना गाडीत बसवावे. पारणे, हिशेब आणि गाडीचा माल सकाळी पाहता येईल.